अनुभव, वास्तव आणि आपली समीक्षा

दलित साहित्यावर अलीकडे लिहिले जाणारे निबंध वाचताना एक विधान वारंवार भेटते. वास्तव असे काही स्वतंत्रपणे नसतेच, असतात ते ज्याचे त्याचे अनुभव. आणि म्हणून दलित आत्मकथन हेही इतर कथनांसारखे एक कथन आहे, त्याच्यामागे खरेखोटे शोधत बसू नये. असे म्हणणारे पुष्कळसे आपल्यातलेच आहेत. चर्चासत्रांतून त्यांनी हा विचार उचलला आहे आणि प्रस्थापितांच्या सत्याचा दरारा त्याने मोडतो म्हणून त्यांना तो विद्रोही वाटतो. मला तो चुकीचा वाटतो, आणि चळवळीच्या दृष्टीने घातकही वाटतो. प्रस्तुत लेखात त्याची तपासणी करायची आहे. तत्त्वज्ञान हा माझा विषय नाही. मी परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर आहे. परंतु आपण डोळे मिटले म्हणजे विहीर नाहीशी होते का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांवर सोपवून मोकळे व्हावे इतका आपल्यापासून दूरचा नाही.

आधी 'अनुभव' हा शब्द आपल्याकडे आला कोठून ते पाहू. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' या १९४१ सालच्या पुस्तकात लेखकाच्या आत्मनिष्ठेची कसोटी मांडली. पुढे नवसाहित्याच्या समर्थकांनी अनुभवाची अनन्यता, अनुभवाची सेंद्रियता असे शब्द रूढ केले. या साहित्यविचारातला अनुभव एका व्यक्तीच्या मनात घडतो आणि त्याची तुलना दुसऱ्या कशाशी होऊ शकत नाही. त्याच्या मागे कोणते गाव आहे, कोणाचे शेत आहे, कोणाचे कर्ज आहे, हे विचारणे म्हणजे साहित्यबाह्य चौकशी समजली जाई. साठनंतरच्या दलित लेखकांनी या समीक्षेला धक्का दिला तेव्हा शब्द तोच घेतला आणि त्याचा रोख फिरवला. तुम्हाला अनुभव हवा ना? मग हा घ्या आमचा. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली. मराठी वाचकापुढे जे जग ठेवले गेले ते त्याच्या शेजारीच होते, त्याने पाहिलेले नव्हते. या पुस्तकांचा आघात झाला तो 'हे असे आहे' या दाव्यामुळे. 'मला असे वाटले' एवढाच दावा असता तर कोणाची झोप मोडली नसती.

मात्र शब्द घेतला की त्याच्याबरोबर त्याचे जुने कूळही येते. आपल्या समीक्षेत 'अनुभव' हाच पहिला आणि 'अनुभव' हाच शेवटचा निकष झाला, आणि त्या अनुभवाच्या बाहेर काही उभे आहे याचा हळूहळू विसर पडला. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मध्ये लेखकाने आपल्या अनुभवाचे सामाजिकीकरण केले पाहिजे असे म्हटले आहे, ते मला या संदर्भात महत्त्वाचे वाटते. जे एकाच्या डोक्यात सुरू होऊन तेथेच संपते त्याचे सामाजिकीकरण कसे होणार? गोपाळ गुरू यांनी २००२ साली एका लेखात भारतीय समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे एका बाजूला आणि कच्ची माहिती पुरवणारे दुसऱ्या बाजूला अशी जातवार वाटणी झाल्याचे दाखवून दिले, आणि पुढे सुंदर सरुक्काई यांच्याशी झालेला त्यांचा वाद 'द क्रॅक्ड मिरर' या नावाने २०१२ साली पुस्तकरूपाने आला. दलितांच्या अनुभवावर सिद्धांत करण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे आणि तो खराच आहे. पण अधिकाराचा प्रश्न आणि अस्तित्वाचा प्रश्न यांची गल्लत करून चालणार नाही. विहिरीवर बोलण्याचा हक्क कोणाचा, हा एक प्रश्न. विहीर आहे की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काहीही आले तरी दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही.

अनुभव म्हणजेच वास्तव, असे मानले तर काय होते याचे उदाहरण मी घरातलेच देतो. माझ्या आजीने आयुष्याची कितीतरी वर्षे गावच्या विहिरीवर घागर घेऊन बसण्यात घालवली. रहाटाला हात लावायचा नाही. कोणी आले, त्याच्या मनात आले, तर तो वरून ओतणार. मी महाविद्यालयात शिकत असताना तिला विचारले की राग येत नव्हता का. ती म्हणाली, "राग कशाचा? हीर त्याह्यची, पाणी त्याह्यचं. वतलं तं भरायचं, न्हाई तं बसायचं." मी पुन्हा पुन्हा खोदून विचारले. तिच्या सांगण्यात ऊन होते, गुडघेदुखी होती, घरी रडणारे लेकरू होते. अपमान नव्हता. ती काही लपवत होती असे मला वाटले नाही. तिच्या लेखी ती रीत होती, जशी पावसाळ्यात चिखल होण्याची रीत असते.

आता वरच्या सिद्धांताप्रमाणे त्या विहिरीवर अपमान झालाच नाही असे म्हणावे लागेल, कारण ज्या व्यक्तीचा तो व्हायचा तिने तो अनुभवला नाही. मी म्हणतो की तो होत होता, रोज होत होता. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता १९५० सालीच नष्ट केली होती आणि १९५५ च्या कायद्याने अशा वागणुकीला गुन्हा ठरवले होते. आजीला यातले काही ठाऊक नव्हते. ती विहीर खोदताना आमच्या वाड्यातल्या माणसांनी दगड उपसले होते हे तिनेच दुसऱ्या एका वेळी, भलत्याच गोष्टीच्या ओघात, सांगितले. म्हणजे 'हीर त्याह्यची' हे तिचे विधान तिच्याच माहितीला धरून नव्हते. तिच्या अनुभवापेक्षा तिची परिस्थिती मोठी होती.

माझ्या वडिलांना त्याच विहिरीवर अपमान दिसला. त्यांनी १४ एप्रिलची भाषणे ऐकलेली होती. मग तो अपमान त्या भाषणांनी निर्माण केला का? अनुभववादी मित्रांना 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. आणि आता जरा गावातल्या पुढाऱ्यांचे म्हणणे ऐका. आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, या भाषणवाल्यांनी पोरांची डोकी बिघडवली, हेच ते म्हणणे. विद्यापीठातला अद्ययावत सिद्धांत आणि पाराखालचे जुने गाऱ्हाणे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, हा योगायोग समजू नये. भाषणाने अपमान निर्माण होत नाही. अंधारात दिवा नेल्याने भिंतीवरची ओल निर्माण होत नाही, ती दिसते. फुले आणि आंबेडकर यांनी आपल्याला नवा अनुभव दिला असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा नेमका अर्थ असा की, जे आधीपासून होते ते ओळखण्याच्या संज्ञा त्यांनी दिल्या.

दुसरी अडचण याहून सरळ आहे. ज्याचा त्याचा अनुभव हेच वास्तव असेल तर पाणी ओतणाऱ्याचाही एक अनुभव आहे. त्याला आपण पुण्य करतो आहोत असे वाटत होते. त्याचे कथन आणि आपले कथन समोरासमोर ठेवले तर निवाडा कशाच्या आधारे करणार? तिसरे काही नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचे कथन टिकेल, आणि आवाज कोणाचा मोठा असतो हे सांगायला नको.

आपल्याच जिल्ह्यातले ब्राह्मणगाव आठवावे. १९७२ साली तेथे दलित स्त्रियांची पाण्याच्या निमित्ताने नग्न करून विटंबना झाली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टच्या 'साधना'च्या विशेषांकात राजा ढाले यांनी लिहिलेला 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख दलित पँथरच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला कायद्याने दिलेली किंमत त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. महाराष्ट्रात गदारोळ उठला तो लेखातल्या ध्वजाविषयीच्या शब्दांवरून. सुशिक्षित वाचकाचा 'अनुभव' शब्दांनी दुखावला गेला. गावात जे घडले ते त्याच्या अनुभवाच्या कक्षेत आलेच नाही. मी विचारतो, त्या काळी किती वाचकांनी ती घटना मनाने पाहिली यावर ती घडली की नाही हे ठरते काय?

येथपर्यंत माझ्याशी सहमत होणारा वाचक एक शंका काढील आणि ती योग्य आहे. जात ही दगडासारखी वस्तू आहे काय? बाबासाहेबांनी तर १९३६ सालच्या जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील न झालेल्या भाषणात स्पष्टच सांगितले आहे की जात ही विटांची भिंत किंवा काटेरी तारेचे कुंपण नव्हे, ती मनाची एक धारणा आहे. मग ती पाहणाऱ्यावर अवलंबून नाही का?

येथे वास्तवाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात, आणि त्यासाठी मी पुन्हा पाण्याकडेच जातो. मराठवाड्यात पटकीने गावेच्या गावे ओस पडत. मरीआईचा कोप झाला म्हणून तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत, आणि ते ओझे कोणाच्या खांद्यावर असे हे आपण जाणतो. रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात तलावाच्या पाण्यात आणि रोग्यांच्या आतड्यात पटकीचा जंतू दाखवला. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला त्या क्षणी तो जंतू जन्माला आला नाही. त्याआधी हजारो वर्षे, कोणाच्याही जाणिवेची परवानगी न घेता, तो माणसे मारत होता. त्याने स्पृश्य मारले आणि अस्पृश्यही मारले. मरीआईवर श्रद्धा असणारा मेला, नसणाराही मेला. निरीक्षणावाचून, अनुभवावाचून, मनावाचून असणारे वास्तव ते हे. ते नाही असे म्हणणाऱ्याने त्या काळचे विहिरीचे पाणी न उकळता प्यावे.

आता विटाळ पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले. पुढे सनातनी मंडळींनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, गोमूत्र-शेणादी मिसळून ते पुन्हा तळ्यात ओतले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाण्यात विटाळ सापडला नसता. शेण मात्र सापडले असते. विटाळ पाण्यात नव्हता. तो पाहणाऱ्यांच्या मनात होता. आणि तरीही त्यापायी त्या दिवशी महाडात डोकी फुटली. पटकीचा जंतू मनाबाहेर होता आणि त्याने सर्वांना मारले. विटाळ मनात होता आणि त्याने निवडून मारले.

मनात, पण कोणाच्या? येथे आपले अनुभववादी घसरतात. माझ्या मनातून मी जात काढून टाकली तर ती जात नाही. एकट्या तुमच्या मनातून गेली तरी जात नाही. तिचे अस्तित्व कोणत्याही एका मनावर अवलंबून नाही. पुष्कळ मने, ग्रंथ, रूढी, जमिनीचे सातबारे, सोयरिकी यांनी ती मिळून धरून ठेवली आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटांचे काय झाले ते विद्यार्थ्यांना चटकन कळते. कागद तोच, शाई तीच. मध्यरात्रीनंतर चलन नाही. नोटेचे मोल माणसांनी मानण्यात होते, पण मी एकट्याने ते मानले काय न मानले काय, दुकानदाराला फरक पडत नव्हता. बाबासाहेबांच्या त्या विधानाचा 'जात केवळ मानसिक आहे, दृष्टी बदला म्हणजे झाले' असा गुळगुळीत अर्थ लावणारे पुढचा भाग वाचत नाहीत. त्या धारणेला शास्त्रांचे प्रामाण्य आधार देते, म्हणून त्या प्रामाण्यावर घाव घाला, असे ते पुढे सांगतात. चवदार तळ्याच्या दाव्यातही तेच घडले. सनातन्यांचे म्हणणे होते की अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तशी रूढी सिद्ध झाली नाही असा निर्णय दिला. त्यांची श्रद्धा खरी होती यात शंका नाही. न्यायालयापुढे प्रश्न होता तो रूढीच्या अस्तित्वाचा, आणि त्याला पुरावा लागत होता. (परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा तो निकाल आमच्या विहिरींना लागू नव्हता.)

हा वाद आपल्याकडे नवा नाही, उलट आपल्या देशात तो जितक्या निकराने लढला गेला तितका क्वचितच कोठे लढला गेला असेल. भारतीय तर्कशास्त्रात 'जाती' या शब्दाचा पारिभाषिक अर्थच सामान्य असा आहे. अनेक गायींत राहणारे एक गोत्व, ही जाती. नैयायिक म्हणत, ती नित्य आहे, खरी आहे, पाहणाऱ्याने पाहिली नाही तरी आहे. मीमांसक कुमारिलाने हाच न्याय ब्राह्मणत्वाला लावला. ब्राह्मणत्व प्रत्यक्ष दिसते, फक्त त्यासाठी आईबापांची जात ठाऊक असावी लागते, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे डोळ्यांना दिसते, पण आधी कोणीतरी सांगावे लागते! बौद्ध तार्किकांनी नेमके येथेच बोट ठेवले. दिङ्नाग आणि त्याच्यामागून सातव्या शतकातला धर्मकीर्ती यांच्या मते खरी आहे ती एकेक वस्तू, आपापल्या लक्षणांची. सामान्य ही बुद्धीने केलेली जुळणी आहे. खरे कशाला म्हणायचे याची धर्मकीर्तीची कसोटी अर्थक्रियेची आहे. जे काही काम करू शकते ते सत्. गाय दूध देते. गोत्व दूध देत नाही. जातीचा गर्व वाहणे हे त्याने बुद्धीच्या जडतेचे एक लक्षण मानले, ते या तर्काला धरूनच. अश्वघोषाच्या नावावर असलेली 'वज्रसूची' हाच प्रश्न सोप्या भाषेत विचारते, आणि सतराव्या शतकात बहिणाबाईंनी ब्राह्मण कोण याची ती चिकित्सा मराठी अभंगांत आणली.

शरद पाटील यांनी आपल्या अभ्यासकांना दिङ्नाग-धर्मकीर्तींकडे वळवले याचे मोल मोठे आहे. पण पुढे काहींनी बौद्ध तत्त्वज्ञान म्हणजे सगळे विज्ञानमात्र, बाहेर काही नाही, असा सरसकट समज करून घेतला. बौद्धांच्या चार प्रस्थानांपैकी वैभाषिक बाह्य वस्तू प्रत्यक्ष दिसते म्हणतात, सौत्रांतिक ती अनुमानाने कळते म्हणतात. बाह्य वस्तू नाकारणारे ते योगाचारी. अर्थक्रियेची कसोटी आपल्या प्रश्नाला लावून पाहा. विटाळ स्वतः काही करत नाही, तो गोत्वासारखाच दूध न देणारा आहे. करतो तो विटाळ मानणारा माणूस. त्याच्या डोक्यातला विचार ही मात्र घटना आहे, त्याचा हात उचलला जाणे ही घटना आहे, आणि काठी ही वस्तू आहे. जात खोटी आहे आणि जातीयता खरी आहे, ही दोन विधाने एकाच वेळी करता येतात ती अशी.

याउलट जग मिथ्या आहे असे शिकवणाऱ्यांनी काय केले? शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात जगाला पारमार्थिक सत्ता नाही. परंतु त्याच भाष्याच्या अपशूद्राधिकरणात शूद्राला वेदश्रवणाचा अधिकार नाही हे स्मृतींच्या आधाराने ठासून सांगितलेले आहे. सगळे जग विरघळले, शूद्र तेवढा शिल्लक राहिला. वास्तव नाही असे म्हणणाऱ्या तत्त्वज्ञानाने वास्तव बदलत नाही, ते जसेच्या तसे राहते आणि त्याच्याबद्दल बोलणे मात्र कमीपणाचे ठरते, हा धडा आपल्याला तरी नव्याने शिकावा लागू नये.

कोणी म्हणेल, तुम्ही जुने दाखले देता, आजच्या भौतिकशास्त्रानेच वस्तुनिष्ठ वास्तव निकालात काढले आहे. आमच्या स्टाफरूममध्येही हे ऐकू येते, आणि बहुधा वेदान्ताच्या समर्थनासाठी ऐकू येते. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळच्या काप्युट येथे आइन्स्टाइन आणि रवींद्रनाथ टागोर यांचा या विषयावर संवाद झाला होता. सत्य माणसावाचूनही असते असे आइन्स्टाइनचे म्हणणे. मानवी मनाशी ज्याचा संबंध नाही ते सत्य आपल्या लेखी नाहीच, असे टागोरांचे. त्याच वर्षी मार्च महिन्यात नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झालेला होता. मंदिराचे दार तेथे आहे की नाही हा प्रश्न सत्याग्रहींना पडला नाही, हे मी थोड्या खोडसाळपणे नमूद करतो. आइन्स्टाइनने ज्या रीतीचे वास्तव कल्पिले होते ते पुढच्या प्रयोगांत टिकले नाही हे खरे. अस्पे, क्लॉझर आणि त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले ते त्या प्रयोगांसाठी. कणांचे सगळे गुण मोजणीआधीच ठरलेले असतात आणि कोणताही परिणाम प्रकाशापेक्षा वेगाने पोचत नाही, ही दोन गृहीतके जोडीने टिकत नाहीत, असे त्यांतून निघाले. जग नाही असे निघाले नाही. त्या शास्त्रातले 'निरीक्षण' म्हणजे उपकरणाशी घडणारी क्रिया. खोलीत माणूस नसला तरी उपकरण आपली नोंद करते. अणूच्या पोटातल्या या अडचणीवरून गावाच्या पोटातल्या अन्यायाचे अस्तित्व संशयित ठरवणे हा शास्त्राचा उपयोग नव्हे.

पाहण्याने वस्तू बदलते हे ज्यांना खरोखर बघायचे आहे त्यांनी बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा पुन्हा काढून वाचावी. नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात येतो. त्याच्या बोलण्यावरून, वागण्यावरून त्याला वरच्या जातीचा समजतात. खोली मिळते, मान मिळतो, घरात उठबस होते. मग जात कळते आणि तीच माणसे त्याच्यावर तुटून पडतात. काल आणि आज यांत त्या माणसात काय बदलले? हात तेच, बुद्धी तीच, बोलणे तेच. एक माहिती इकडून तिकडे गेली. या कथेवर लिहिणाऱ्यांनी तिच्यातली वेदना, तिच्यातला संताप यांवर पुष्कळ लिहिले आहे. माझ्या मते कथेचे बळ तिच्या रचनेत आहे, कारण ती जवळजवळ एखाद्या प्रयोगासारखी आहे: बाकी सगळे स्थिर ठेवले आणि एकच गोष्ट बदलली. जात माणसाच्या शरीरात नाही हे ती सिद्ध करते, आणि त्याच वेळी जातीचा मार शरीरावरच पडतो हेही. काशीनाथ हे पात्र याच्याही पुढे जाते. तो जात लपवत नाही, उघड सांगून लढायला उभा राहतो. नायक इतरांच्या नजरेला चकवू पाहतो. काशीनाथला ठाऊक आहे की ती नजर चकवून संपत नाही. जो समीक्षक या कथेला 'अस्मितेचे एक कथन' म्हणून थांबतो त्याला ही मांडणी दिसत नाही, कारण कथेबाहेर तशी जात आहे हे मान्य केल्याखेरीज कथेतला प्रयोगच कळत नाही. कथा काल्पनिक असून खरी ठरते आणि एखादे आत्मकथन घडलेले असूनही पोकळ वाटते, याचेही कारण येथे सापडेल. केवळ स्वतःच्या हुंदक्याची नोंद करणारा लेखक आपल्या अनुभवाशी प्रामाणिक असेल. तो अनुभव ज्याने घडवला त्याच्यापर्यंत तो पोचलेला असेलच असे नाही.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, असे परभणीच्या वाचकाने तरी विचारू नये. १० डिसेंबर २०२४ रोजी आपल्या शहरात रेल्वेस्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर झालेल्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, विधी शाखेचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे सरकारतर्फे विधानसभेत सांगण्यात आले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदवले गेले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. गुन्हेगार कोण हे न्यायालय ठरवील. मला येथे एवढेच दाखवायचे आहे की 'तक्रार केली नव्हती' हा युक्तिवाद अनुभवाच्या कथनावर उभा आहे: जे सांगितले गेले नाही ते नाही. आणि त्याला उत्तर मिळाले ते शरीरावरच्या जखमांकडून. ज्याचा अनुभव होता तो सांगायला उरला नव्हता, जखमा उरल्या होत्या. वास्तव म्हणजे निव्वळ कथने असे मानणाऱ्या मित्रांनी त्या अहवालालाही एक कथन म्हणावे आणि त्याच्या आईपुढे जाऊन तसे म्हणून दाखवावे.

माझे विद्यार्थी आत्मपर लेखन करून आणतात. मी त्यांना विचारतो, गाव कोणते, साल कोणते, विहीर कोणाच्या गटात, तेव्हा आणखी कोणी पाहिले होते, ग्रामपंचायतीच्या दप्तरात काही आहे का. त्यांना राग येतो. अनुभवाला पुरावा कसला मागता सर, असे एकाने तोंडावर विचारले. समोरचा मागणार आहे म्हणून, असे मी सांगितले. त्याने चार पाने लिहिली होती, सगळी अंधार, वेदना, आक्रोश या शब्दांनी भरलेली. पंधरा दिवसांनी तो तीच पाने घेऊन आला. मुख्य गावात नळ आला ते साल आणि वस्तीत आला ते साल, असे दोनच आकडे त्याने मध्ये घातले होते, आणि त्या मधल्या वर्षांत घरातले पाणी कोणी कोठून आणले ते एका पानात लिहिले होते. अंधार दोनदाच आला होता. लेख मी कॉलेजच्या वार्षिकांकासाठी दिला आहे. शुद्धलेखनाच्या चुका अजून काढायच्या आहेत.